कुत्र्याला घेऊन रुग्णांच्या भेटीला: बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

"आमचा टॉमी कुणाच्या अंगावर जात नाही, सगळ्यांचा लाडका आहे. त्याला दवाखान्यात पेशंटांकडं नेलं तर चालेल काय ओ?" फिरायला गेलं की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं, की चालेल, पण पुढच्या आठवड्यात नाही. तयारीला सहा महिने धरा. त्यातला निम्मा वेळ तुमच्या स्वतःच्या शिक्षणात जाईल, कारण वॉर्डात कुत्रं जेवढं काम करतं त्याच्या दुप्पट काम त्याचा पट्टा धरणाऱ्याला करावं लागतं. मुंबई-पुण्यात या कामाच्या संस्था आहेत, त्या शिकवतात, कुत्र्याची पारख करतात. आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात राहणाऱ्याला बरंचसं स्वतःच उभं करावं लागतं. म्हणून हे सगळं सविस्तर.

आधी अपेक्षा ठीक करून घेऊ. कुत्र्याच्या भेटीनं आजार बरा होत नाही. भीती, कंटाळा, एकटेपणा थोडा उतरतो, आणि आपण तेवढ्यासाठीच जायचं. २००७ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात हृदय कमकुवत झालेल्या ७६ रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना स्वयंसेवक कुत्रा घेऊन भेटला, काहींना नुसता स्वयंसेवक भेटला, काहींना कुणीच नाही. कुत्रा भेटून गेलेल्यांची चिंता सगळ्यांत जास्त उतरली. ती भेट होती १२ मिनिटांची. नवख्यानं या १२ आकड्याकडं नीट बघावं. एकेका खाटेपाशी अर्धा-अर्धा तास बसून गप्पा मारायची गरज नसते. थोडकं आणि नेमकं पुरतं.

कुत्रं या कामाचं आहे काय?

वय किमान एक वर्ष, दोन पूर्ण असतील तर उत्तम. पिल्लू कितीही गोड असलं तरी नाही. तुमच्या घरी येऊन सहा महिने तरी झालेले हवेत, म्हणजे त्याचा खरा स्वभाव तुम्हाला कळलेला असतो. रस्त्यावरून उचलून आणलेलं गावठी कुत्रंही चालतं. माझी चिमी तशीच आहे, अनगोळच्या एका गॅरेजखाली सापडलेली. मादी माजावर असेल त्या दिवसांत भेटी बंद. नसबंदी केलेली असेल तर ही कटकटच राहत नाही.

जातीचा प्रश्न लोक फार ताणतात. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर या कामात जास्त दिसतात, कारण परक्या माणसाचा त्यांना सहसा त्रास वाटत नाही. आपल्या भागात मुधोळचा अभिमान मोठा, आणि तो असायलाच हवा. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे आणि लष्करानंही ही कुत्री घेतली आहेत. अथणी, गोकाककडंही मुधोळ दिसतात, काही जण त्यांनाच कारवान म्हणतात. पण ही नजरेनं शिकार हेरणारी, वाऱ्यासारखी पळणारी जात. परक्यानं अंगाला हात लावणं तिला सहसा आवडत नाही. शांत, माणसाळलेला मुधोळ निघतोही, पण "आमच्या मातीतला आहे" एवढ्या कारणावर त्याला वॉर्डात नेऊ नका.

पारख घरीच सुरू करा. तुमच्या ओळखीच्या, पण कुत्र्याला अनोळखी असलेल्या माणसाला बोलवा. त्यानं यावं, बेढब पद्धतीनं डोक्यावर थोपटावं, कान धरावा, पंजा दाबावा, शेपटी हळूच ओढावी. रुग्ण असंच करतात, विशेषतः मुलं आणि ज्यांच्या हातावर ताबा नाही असे. मग मागे स्टीलचं ताट पाडा. काठी टेकत, पाय ओढत कुणाला तरी चालायला लावा. मास्क, हेल्मेट, बुरखा, पांढरा कोट, घोंगडं पांघरलेला माणूस, सगळं दाखवा. कुत्रं दचकलं तर हरकत नाही, किती लवकर सावरतं ते बघा. गुरगुरलं, दात दाखवले, कोपऱ्यात जाऊन बसलं, तर हा विषय तिथेच सोडा. घरात लाडकं म्हणून जगलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

सगळ्यांत नाजूक भाग पुढं आहे. काही कुत्री परक्याचा हात सहन करतात आणि काही स्वतःहून जवळ सरकतात. दोन्ही शांतच दिसतात. परक्यानं थोपटून हात काढून घेतला की काय होतं ते बघा. कुत्रं पुन्हा डोकं पुढं करतं, की अंग झाडून तुमच्याकडं येतं? अंग झाडणारं कुत्रं तुमच्या शब्दाखातर सगळं करेल, पण आठवड्यातून एकदा त्याला ही शिक्षा कशाला?

घरचा आणि रस्त्यावरचा सराव

फार काही शिकवावं लागत नाही. बस, थांब, चल, आणि 'सोड'. यातला 'सोड' जिवावरचा आहे. दवाखान्याच्या फरशीवर खाटेखाली गोळ्या पडलेल्या असतात. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन माणसाला चालतात, कुत्र्याला त्या घातक ठरू शकतात. म्हणून घरी फरशीवर शेव, बिस्किटाचे तुकडे टाकून ठेवा आणि त्यांच्यावरून कुत्र्याला तोंड न लावता चालत न्या. 'सोड' म्हटलं की ते मान वर करून तुमच्याकडं बघायला लागलं, की हा धडा पक्का झाला समजा.

'पंजा दे' मात्र शिकवू नका. शिकवलेलं असेल तर विसरवा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात. नखाचा साधा ओरखडाही तिथं चिघळतो. त्याऐवजी 'डोकं ठेव' शिकवा. खुर्चीच्या हातावर किंवा खाटेच्या कडेला हनुवटी टेकून थांबायचं, बस. रुग्णाला वाकावं लागत नाही, कुत्र्याला उडी मारावी लागत नाही.

सरावाची जागा पायरीपायरीनं अवघड करत न्यावी. टिळकवाडीतल्यांनी पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला सुरुवात करावी, फिरणारे भरपूर असतात आणि गाड्या कमी. मग रेल्वे गेटपाशी गाडी जाईपर्यंत बसवून ठेवा. शेवटी रविवार पेठेत, हमाल, हातगाड्या आणि टेम्पोंच्या धबडग्यात. तिथं जे कुत्रं तुमच्या गुडघ्याला लागून चालतं, त्याला वॉर्डातली स्ट्रेचर घाबरवणार नाही. गुळगुळीत फरशीचा सरावही लागतो, कारण दवाखान्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरले की चांगलं कुत्रंही बिथरतं. पंजाच्या गाद्यांमधले केस कापले की पकड सुधारते. लिफ्टची सवयही आधीच लावा. आणि फिनेलचा वास! त्या वासानं माझ्या चिमीची पहिली प्रतिक्रिया म्हणजे सलग शिंका. घरी आठवडाभर फिनेलनं फरशी पुसल्यावर तिचं नाक त्याला रुळलं.

डॉक्टरांचा कागद

जनावरांच्या डॉक्टरांकडं जाऊन स्पष्ट सांगा, की कुत्र्याला रुग्णांकडं न्यायचं आहे. नुसतं इंजेक्शन देऊन ते पाठवणार असतील तर थांबवा आणि अंगभर तपासायला सांगा. रेबीजची लस चालू वर्षाची हवी. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो या आजारांची एकत्र लस, ज्याला आपण सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन म्हणतो, तीही वेळेवर. लेप्टो लघवीतून पसरतो आणि पावसाळ्यात आपल्याकडं डबक्यांना तोटा नसतो, म्हणून ती चुकवू नका. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं, साधारण तीन महिन्यांनी. गोचीड, पिसवा, गजकर्ण काही आढळलं तर पूर्ण बरं होईपर्यंत भेटी बंद. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या रानातून कुत्रं फिरवणाऱ्यांनी घरी आल्यावर कानांच्या आत, बगलेत आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघायलाच हवं.

खाण्याबद्दल एक अट अनेकांना माहीत नसते. चिकनच्या दुकानातून आणलेले कच्चे पाय, गळे, हाडं खाणारं कुत्रं रुग्णांजवळ नेत नाहीत. कच्च्या मांसातले साल्मोनेलासारखे जंतू त्याच्या तोंडात आणि विष्ठेत राहतात, कुत्र्याला बऱ्याचदा काही होत नाही, पण अशक्त माणसाला होऊ शकतं. दवाखान्यांतल्या प्राण्यांविषयी अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांनी २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत शेवटचं कच्चं मांस खाऊन ९० दिवस झालेले असावेत असं म्हटलं आहे. ज्वारीची भाकरी, भात, शिजवलेलं चिकन, तयार खाद्य, काहीही चालेल. फक्त शिजलेलं.

लसीचं कार्ड, तब्येतीचा दाखला, कुत्र्याचा फोटो, तुमचं ओळखपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये घाला. ही फाइल दर भेटीला सोबत.

परवानगी: कुणाकडं, कशी

वॉचमनपासून सुरुवात करू नका. त्याची नोकरी कुत्र्यांना आत न सोडण्याची आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दवाखाने, शाळा, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथून भटकी कुत्री हटवण्याचे आणि ती पुन्हा आत येणार नाहीत याची व्यवस्था करण्याचे आदेश दिले. तेव्हापासून गेटवरची काठी जास्त चपळ झाली आहे. तुमचं पाळीव कुत्रं त्या आदेशात येत नाही, पण गेटवर उभं राहून कायदा समजावण्यात अर्थ नाही. हातात सहीशिक्क्याचं पत्र असावं.

सिव्हिल, केएलईसारख्या मोठ्या दवाखान्यांत थेट जाऊ नका असं माझं मत आहे. तिथं वैद्यकीय अधीक्षक, संसर्ग नियंत्रण समिती, नर्सिंग अधीक्षक अशा सगळ्यांची संमती लागते आणि तुमच्यापाशी दाखवायला अनुभव नसतो. आधी एखादा वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा किंवा फिजिओथेरपीचं छोटं केंद्र गाठा. तिथं माणसं आजारी कमी आणि एकटी जास्त असतात. कुत्र्यालाही जागा सोपी जाते. तिथले चार-सहा महिने आणि त्यांचं पत्र घेऊन दवाखान्यात गेलात की बोलणं वेगळं होतं.

अर्ज छोटा लिहा. मोघम 'सेवा करायची इच्छा आहे' लिहिलं की फाइल ड्रॉवरमध्ये जाते. मागणी मोजकी आणि नेमकी ठेवा: अमुक एक वॉर्ड, आठवड्यातून एक दिवस, दुपारी चार ते पाच, एक कुत्रं, एक माणूस, सोबत वॉर्डातल्या एक सिस्टर. आयसीयू, ऑपरेशन विभाग, स्वयंपाकघर, औषधांची खोली इथं जाणार नाही, हे तुम्हीच आधी लिहा. ते वाचून समितीचा निम्मा जीव भांड्यात पडतो. सरकारी दवाखान्यात अर्ज कन्नडमध्ये द्या, स्वतःला येत नसेल तर शेजारच्या कुणाकडून लिहून घ्या. खासगीत इंग्रजी चालतं. कुत्र्याला आधी बघायचं असेल तर ओपीडी संपल्यावर आवारात आणून दाखवतो, असं सांगा. बहुतेक ठिकाणी मन तिथेच वळतं, कारण मेट्रनबाईंच्या घरीही एखादं असतंच.

नकार आला तर नमस्कार करून परत या. दवाखान्याच्या पायरीवर हुज्जत घालणाऱ्या माणसाचं कुत्रं आत घ्यावं असं कुणाला वाटेल?

जायच्या आदल्या दिवशी

अंघोळ आदल्या दिवशी, म्हणजे भेटीच्या चोवीस तासांच्या आत. कुत्र्याच्या साध्या शॅम्पूनं, अत्तर-बित्तर नको, दम्याच्या माणसाला त्रास होतो. नखं कापून कानशीनं कडा घासा आणि आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. बोचलं तर अजून घासा. केस भरपूर विंचरा, म्हणजे वॉर्डात कमी गळतील. निघताना पोट भरलेलं नको. दोन तास आधी थोडं खाणं, मग फिरवून दोन्ही विधी उरकून आणा.

पिशवीत दोन-तीन धुतलेल्या चादरी, कागदी रुमाल, प्लास्टिकच्या पिशव्या, सॅनिटायझर, पाण्याची बाटली आणि वाटी, मऊ ब्रश. पट्टा साधा, चार ते सहा फुटांचा. बटण दाबून लांब होणारा पट्टा सलाईनच्या स्टँडभोवती गुंडाळला गेला की काय होईल याची कल्पना करा, म्हणजे तो का नको ते कळेल. गळ्याला आवळणारी किंवा काट्यांची साखळी चालत नाही.

तुम्ही स्वतः? सर्दी, ताप, जुलाब असेल तर फोन करून रद्द करा. कपडे धुतलेले, चप्पल न घसरणारी, ओढण्या-पदर नीट खोचलेले.

वॉर्डात

खाटेपाशी पोचायच्या आधी सिस्टरना विचारा, आज कुणाकडं जायचं. यादी त्यांची, तुमची नाही. उघडी जखम, भाजलेले, वेगळ्या खोलीत ठेवलेले, प्रतिकारशक्ती फार कमी झालेले, कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी असलेले रुग्ण सिस्टर आधीच वगळतात. कुणी जेवत असेल, ड्रेसिंग चालू असेल तर पुढं जा, परत येता येतं.

मग रुग्णाला विचारा, आणि नातेवाइकाला नंतर. इथं गडबड होते. मुलगा हौसेनं म्हणतो, "या या, आमच्या आईला कुत्री लई आवडतात," आणि आई भिंतीकडं सरकलेली असते. तिचं सरकणं हे उत्तर धरायचं. सहा फुटांवर थांबा, कुत्र्याला बसवा आणि विचारा, "जवळ आणू काय?" होकार मानेनं, हातानं, डोळ्यांनी कसाही येतो. आला नाही तर "बरं मावशी, येतो," म्हणून पुढं. कारण विचारू नका. कुणाला लहानपणी कुत्रं चावलेलं असतं. कुणाला नमाजाआधी लाळ लागलेली चालत नाही. कुणाच्या घरात कुत्रं उंबऱ्याबाहेर असतं. या उलट एखादी आजी "दत्त महाराजांचं कुत्रं आलं गं" म्हणत हात जोडते. दोघांनाही सारखाच मान.

आपल्याकडच्या वॉर्डात निम्म्या खाटा कन्नड बोलतात. गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलकडचे रुग्ण बेळगावलाच येतात. मराठी माणसाला मोडकं का होईना कन्नड येतंच, तरी ही वाक्यं घोटून ठेवा. "कडियंगिल्ल री", चावत नाही. "हेदरबेड री", घाबरू नका. "मुट्टतीरेनु?", हात लावणार काय? आणि उत्तरात "बेडा" ऐकू आलं तर लगेच मागे. त्या एका शब्दासाठी दुभाषा शोधत बसू नका.

होकार मिळाला की रुग्णाच्या हाताला सॅनिटायझर द्या, वाळू द्या, मग स्पर्श. भेट झाल्यावर पुन्हा. हेच तुमच्याही हातांना, प्रत्येक खाटेनंतर. कुत्रं खाटेच्या कडेला, सलाईनची नळी नसलेल्या बाजूला. लघवीची पिशवी खाटेखाली कुठल्या बाजूला लटकते आहे ते आधी वाकून बघा, तिथं पाय पडला तर मोठा घोटाळा. खाटेवर घ्यायचं झालंच, छोटं कुत्रं असेल आणि सिस्टर हो म्हणाल्या तर, धुतलेली चादर अंथरून, आणि ती चादर दुसऱ्या खाटेला वापरायची नाही. तोंड चाटू द्यायचं नाही, हातसुद्धा नाही. रुग्ण म्हणेल "असू दे ओ", तरी नाही.

खायला घालणं हा आपल्या लोकांचा प्रेम करायचा मार्ग. शेजारच्या खाटेवरच्या डब्यातून कुंदा निघतो, गोकाकच्या पाहुण्यांनी आणलेला करदंट निघतो, द्राक्षं निघतात. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत आणि साखर कुणाच्याच भल्याची नाही. हसत सांगा, "हिचं पथ्य चालू आहे." पेशंटांना पथ्य हा शब्द लगेच पटतो.

लकव्यानंतर फिजिओथेरपी चालू असलेले निपाणीकडचे एक तंबाखूचे शेतकरी मला आठवतात. उजवा हात जड, बोटं मिटलेली. रबरी चेंडू दाबायला सांगितलं की तोंड फिरवायचे. चिमीला बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "हिला रोज किती खर्च येतो?" मी सांगितला. "एवढ्यात एक रेडकू सांभाळून होतंय," म्हणाले. मग फिजिओथेरपिस्टनं त्यांच्या मिटलेल्या बोटांत ब्रशचा दांडा बसवला, वरून रुमालानं सैल बांधला, आणि मी चिमीला त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकवून उभी केली. खांदा पुढं गेला, ब्रश तिच्या पाठीवरून वीतभर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. ब्रशमध्ये केस अडकले तसे ते डाव्या हातानं काढून तिकडं पायाशी ठेवायला लागले, आणि व्यायाम कधी सुरू झाला हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्या सगळ्या वेळात माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर थोडी आणि चिमीच्या कानांवर जास्त होती.

नजर कुठं ठेवायची

कानांवर, तोंडावर, शेपटीवर. गरम नसताना धापा टाकणं, झोप आलेली नसताना जांभया, सारखे ओठ चाटणं, मान फिरवून दुसरीकडं बघणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपटी पायांत, अंग झाडणं, तुमच्या पायांमागे येऊन उभं राहणं. यातलं एक दिसलं तर व्हरांड्यात नेऊन पाणी पाजा. दोन दिसली तर त्या दिवसाचं काम संपलं. "अजून तीनच खाटा राहिल्यात" हा विचार मनात आला तरी निघा. कुत्रं चावतं ते सहसा अचानक चावत नाही. त्यानं आधी बऱ्याच वेळा सांगितलेलं असतं, आपण ऐकलेलं नसतं. म्हणूनच वॉर्डात मोबाइल खिशात आणि गप्पा बेतात.

एकूण भेट एक तासाच्या आत, वाहनातून उतरल्यापासून धरून. सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत. एकावेळी एक माणूस, एक कुत्रं. मैत्रिणीचं कुत्रंही सोबत न्यायचं असेल तर तिनं स्वतः यावं आणि दुसऱ्या वॉर्डात जावं.

फोटोंबद्दल दोन वाक्यं. रुग्णाचा चेहरा, खाटेचा नंबर, केसपेपर यांचा फोटो काढायचा नाही आणि स्टेटसला टाकायचा नाही. कोण कुठल्या आजारानं दाखल आहे हे वडगावच्या तुमच्या गल्लीत तुमच्यामुळं कळता कामा नये.

काही घडलंच तर

लघवी किंवा उलटी झाली तर रुग्णांना लांब ठेवा, सिस्टरना सांगा, त्यांच्या जंतुनाशकानं त्यांच्या पद्धतीनं जागा साफ होऊ द्या. कुत्र्याला घरी न्या. फरशीवरची गोळी गिळली असा नुसता संशय आला तरी गोळीचं पाकीट शोधा आणि जनावरांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावा. वाट बघू नका.

ओरखडा किंवा दात लागला, मग तो कितीही छोटा असो, लपवायचा नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लगेच डॉक्टरांना दाखवायचं. कुत्र्याला लस दिलेली असली तरी रुग्णाला लस द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही "आमच्याला सगळी इंजेक्शनं झालीत" म्हणून तो निर्णय घ्यायचा नाही. लसीचं कार्ड मात्र पुढं करा. दवाखाना लेखी नोंद करेल, तिच्यावर सही करा. पुढचे दहा दिवस कुत्रं नजरेखाली ठेवा आणि त्या दवाखान्यात जाणं थांबवा. पुन्हा जायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

कधी जायचं नाही

गणपतीचे दिवस, शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक, दिवाळी. बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीत रात्रभर ढोल आणि डॉल्बी चालतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शहराचे कान दुखतात, तिथं कुत्र्याचं काय होत असेल. आवाज थांबल्यावरही चार-पाच दिवस जाऊ द्या. मुसळधार पावसात भिजलेलं, चिखलानं माखलेलं कुत्रं नेऊ नका. घरात पाहुणे, लग्न, स्थलांतर असं काही असेल, कुत्र्याची झोप मोडली असेल, तेव्हाही नाही. तीन महिन्यांहून मोठा खंड पडला तर सुरुवातीची सगळी पारख पुन्हा एकदा करा. तशीही ती वर्षातून एकदा करायचीच असते.

पहिल्या काही भेटींनंतर सिस्टरना तीन गोष्टी विचारा: कुणाला त्रास झाला काय, तुमच्या कामात अडथळा आला काय, पुढच्या वेळी काय बदलू? उत्तरं एका वहीत तारखेसह लिहा, शेजारी कुत्रं किती वेळात थकलं ते लिहा. वर्षभरानं मोठ्या दवाखान्याच्या समितीसमोर बसाल तेव्हा प्रमाणपत्रांच्या आधी ही वही काढा. आणि त्याच वहीत थकण्याची वेळ पन्नास मिनिटांवरून तीसवर, तीसवरून पंधरावर आलेली दिसली, कुत्रं नऊ-दहा वर्षांचं झालं असलं, तर त्याचं हे काम बंद करा. दवाखान्याला तसं कळवा, म्हणजे ठरलेल्या वारी वाट बघणाऱ्या रुग्णांना सिस्टर आधीच सांगून ठेवतील.